माशाच्या पुढ्यात पेंड

नॉर्वेतल्या पिंजऱ्यांत वाढणाऱ्या सामन माशाच्या खाद्याचे दोन हिशेब शेजारी शेजारी लिहून ठेवतो. 1990 : फिशमील, म्हणजे माशांची पूड, सुमारे 65 टक्के, माशाचं तेल 24 टक्के. 2020 : फिशमील 12 टक्के, माशाचं तेल 10 टक्के. मधल्या तीस वर्षांत जी जागा रिकामी झाली ती शेतांनी भरली. एकट्या सोयाच्या प्रथिनाचा वाटा 21 टक्क्यांच्या घरात गेला. शिवाय गव्हाचं ग्लुटेन, वाटाणा, फाबा बीन, आणि तेलासाठी मोहरीच्या कुळातलं रेपसीड. 2020 या एका वर्षात नॉर्वेने आपल्या सामनला जवळपास 20 लाख टन खाद्य घातलं, म्हणजे हा काचेच्या टाकीतला प्रयोग राहिलेला नाही. जन्मभर दुसऱ्याला खाऊन जगणारा मासा पेंडीवर पोसला जातोय, आणि मुंबईच्या हॉटेलातल्या सुशीवर पातळ कापून येतो तोही हाच.

*

मांसाहारी मासा म्हणजे दात असलेला मासा, एवढ्यावर भागत नाही. खरा फरक आतल्या रसायनात. आपण भात खाल्ला की साखर रक्तात चढते आणि दोनेक तासांत ठिकाणी लागते. सामनच्या कुळातल्या ट्राउटला पिठूळ काही दिलं तर त्याच्या रक्तातली साखर कितीतरी तास चढलेलीच राहते. ऊर्जेसाठी हे मासे प्रथिन आणि चरबी जाळतात. म्हणून त्यांच्या खाद्यात प्रथिन 35 ते 50 टक्के लागतं. ब्रॉयलर कोंबडीचं वीस-बावीस टक्क्यांत भागतं. सोयाबीनच्या पेंडीत प्रथिन असतं 44 ते 48 टक्के, आणि उरलेल्यातलं बरंचसं माशाला पचत नाही. चांगल्या फिशमीलमध्ये 65 ते 70. खाद्याच्या गोळीत जागा मोजकीच, तेलालाच तिसरा हिस्सा द्यावा लागतो. पेंड जशीच्या तशी कोंबून हे गणित सुटत नाही.

*

पोषणशास्त्रातली माणसं एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगतात : माशाला मासा लागत नाही, माशातली चाळीसेक पोषकद्रव्यं लागतात. तर्क बिनतोड आहे. अडचण एवढीच की फिशमील ही सगळी द्रव्यं एकाच गोणीत भरून देतं, यादीसुद्धा करावी लागत नाही. ती गोणी बाजूला काढली की यादी सुरू होते. सोयात मेथिओनिन कमी, ते वेगळं आणा. ग्लुटेनमध्ये लायसिन कमी, तेही आणा. टॉरिन धान्या-कडधान्यांत जवळपास नसतंच. कोलेस्टेरॉल नसतं. फॉस्फरस असतो, पण त्यातला मोठा भाग फायटेटमध्ये अडकलेला. तो सोडवायला फायटेज नावाचं विकर घाला. हे विकर उष्णतेने मरतं, म्हणून गोळी शिजवून-वाळवून झाल्यावर ते वरून फवारायचं, आणि थंड पाण्यातल्या माशाच्या पोटात ते काम करणार रेंगाळत. जो फॉस्फरस अंगी लागला नाही तो विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून शेवाळात. मांस गुलाबी दिसायला अस्टाझँथिन हवं. मोकळ्या समुद्रातल्या सामनला ते कोळंबीच्या जातीच्या जिवांतून मिळतं, पिंजऱ्यातल्याला बहुधा कारखान्यातून. एवढं करून मासा तोंड फिरवायला मोकळा असतोच. मग वासासाठी क्रिलचा चुरा.

वनस्पतींचं खाद्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी साधं, सात्त्विक येतं. इतकं कारखान्यांवर टेकलेलं अन्न दुसरं शोधावं लागेल.

*

आतड्याची गोष्ट नीट लिहून ठेवायला हवी, कारण या सगळ्या प्रकरणाचा कणा तोच आहे.

सामनला साधी सोयाबीन पेंड घातली की त्याच्या आतड्याचा शेवटचा भाग सुजतो. जंतू नाही, विषाणू नाही, नुसतं खाणं. 1996 मध्ये ग्रेटे बेवरफ्योर्ड आणि ओशिल्ड क्रोगडाल या नॉर्वेतल्या दोन संशोधकांनी या सुजेचं तपशीलवार वर्णन केलं. निरोगी आतड्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आतल्या बाजूला उंच, सडपातळ घड्या दिसतात, एकीला एक लागून. घडीच्या कडेने पेशींची रांग, आणि प्रत्येक पेशीत केंद्रकाच्या वर पांढरट पोकळ्या. बाहेरचं प्रथिन उचलून आत घ्यायचं काम या पोकळ्यांचं. पेंडीवरच्या माशाचा छेद लावला की आधी या पोकळ्याच गायब झालेल्या दिसतात. मग घड्या बुटक्या होतात, जाड होतात, एकमेकींना चिकटतात. मधल्या जागेत सुजेच्या पेशींची गर्दी. मासा मरत नाही. खातो, पोहतो, वाढ मात्र मंदावते. खाद्यातून पेंड काढली की तीनेक आठवड्यांत आतडं पुन्हा जागेवर येतं.

संशय आधी ट्रिप्सिन अडवणाऱ्या द्रव्यावर होता. कच्चं सोयाबीन कुणालाच पचत नाही ते त्याच्यामुळे. पण ते भाजल्याने जातं, आणि पेंड तर भाजलेलीच असते. पुढे बोट गेलं सॅपोनिनवर. रिठ्याला फेस येतो तो ज्या जातीच्या द्रव्यामुळे, त्याच जातीचं सोयातलं द्रव्य. ते आंच सोसतं. भाजा, शिजवा, काही होत नाही. अल्कोहोलमध्ये धुतलं तर निघून जातं. म्हणून सामनसाठी पेंड अल्कोहोलने धुतात, त्यासोबत न पचणाऱ्या साखराही जातात, आणि मागे उरतं 60 टक्क्यांवर प्रथिन असलेलं सोया कॉन्सन्ट्रेट. नॉर्वे विकत घेतो ते हे.

आणि एक मजेशीर गाठ. शुद्ध केलेलं सॅपोनिन फिशमीलच्या खाद्यात मिसळून सामनला दिलं तर सूज आली नाही. तेच ल्युपिन नावाच्या कडधान्याच्या पिठाबरोबर दिलं तर आली. म्हणजे सॅपोनिन एकट्याने घर फोडत नाही, त्याला आतून कडी काढणारा कुणीतरी लागतो. तितक्याच मांसाहारी कॉड माशाला मात्र या पेंडीचं फारसं काही वाटत नाही. मासा मांसाहारी आहे एवढ्यावरून त्याचं आतडं काय म्हणेल हे सांगता येत नाही.

*

जपानमध्ये आतड्याऐवजी यकृत बोललं. तिथे हमाची आणि मादाई हे महागडे मासे पिंजऱ्यात वाढवतात. फिशमील काढून सोयाच्या प्रथिनावर ठेवलेल्या माशांची पोटं फाडली तर यकृतं हिरवी निघाली. रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर फुटत होत्या आणि त्यातून तयार होणारं हिरवं पित्तद्रव्य साचत होतं. कारण टॉरिनचा तुटवडा. खाद्यात टॉरिन मिसळलं, यकृत पुन्हा नेहमीच्या रंगावर आलं. मांजरालाही टॉरिन बाहेरूनच लागतं. ते नसेल तर त्याची दृष्टी आणि हृदय दोन्ही जातात. मांजराला दूधभातावर ठेवणाऱ्या घरांनी हे कुठेतरी लिहून लावावं.

*

पेण-अलिबागकडच्या खारेपाटात जिताडा या शिकारी माशाला मान आहे. पाहुणा कोण, यावर तळ्यातून जिताडा काढायचा की बाजारातून बांगडा आणायचा ते ठरतं. पूर्वी अडलेली सरकारी कामं जिताड्याने सुटत, असं जुनी माणसं हसत सांगतात, आणि त्या हसण्यात खंत वगैरे काही नसते. गोव्यात हाच चोणक, बंगाल्यांची भेटकी, ऑस्ट्रेलियातला बारामुंडी.

जुनी रीत अशी : पावसाळ्यात खाडीतून पिल्लं धरायची, घरामागच्या तळ्यात सोडायची, आणि चिलापी, बारीक कोळंबी, बाजारात न खपलेली मासळी घालत राहायचं. 1997 मध्ये चेन्नईच्या, निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने जिताड्याची पैदास बंदिस्त टाक्यांत करून दाखवली, तेव्हापासून गोळीवर लावलेलं बी मिळण्याची वाट मोकळी झाली. गोळीवर लावणं हे वेगळंच काम. जिताडा हलत्या वस्तूवर झेपावतो. तळाशी पडलेला घास त्याच्या लेखी नसतो.

संध्याकाळी तळ्याच्या बांधावर उभं राहून बघावं. डबा वाजला की पाणी नुसतं थरथरतं, मासा दिसत नाही. मूठभर गोळ्या पडल्या की पाण्याखालून खप्‌ खप्‌ असे आवाज येतात, शेपटीचा फटकारा, आणि क्षणात गोळी नाही. हाच दाणा जड असता, सरळ तळाला गेला असता, तर सकाळी तिथेच सापडला असता, पाणी नासवत. म्हणून गोळी तरंगती हवी, नाहीतर सावकाश बुडणारी. ती तशी होते आतल्या स्टार्चमुळे; वाफेच्या दाबाखाली शिजताना स्टार्च फुगतो आणि गोळी सच्छिद्र होते. मग हवा काढून घेतलेल्या पिंपात तिला तेल पाजतात. हवा परत सोडली की तेल छिद्रांतून आत शिरतं. ज्या पिठाचा या माशाला उपयोग नाही, त्याच्याशिवाय त्याची गोळी बनत नाही!

तळ्याचा मालक आगरी, साठीचा. ‘‘काका, गोळी चांगली की मासळी?’’ विचारलं तर म्हणतो, ‘‘गोळीनं वजन येतं. चव नाय येत.’’ चवीच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालू नये हे बरं. पण एवढं नोंदवतो : प्रथिन कुठलं, यावरून चव फारशी बदलत नाही; चरबी बदलली की बदलते. आणि त्याच्या मासळीचा हिशेब चवीहून मोठा आहे. एक किलो जिताड्याला साधारण पाच-सहा किलो ओली मासळी जाते. गोळी दीड-दोन किलोत काम करते. तरी बंदरावर मासळी स्वस्त असेल त्या आठवड्यात गोळीचं पोतं बांधलेलंच राहतं, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं वाटत नाही.

आणखी एक : जिताड्याची पिल्लं आकाराप्रमाणे सारखी निवडून वेगळी करावी लागतात. निवडली नाहीत तर मोठं पिल्लू आपल्या निम्म्याहून मोठा भाऊ गिळतं. सोया असो की फिशमील, त्याचा पहिला पर्याय घरातच असतो.

*

एक साखळी. लिहून काढल्याशिवाय ती नीट दिसत नाही.

पेरूच्या किनाऱ्यावर, हम्बोल्ट प्रवाहाच्या थंड पाण्यात अँकोव्हेटा नावाचा बोटभर मासा. 1970 मध्ये तो 1 कोटी 20 लाख टनांच्या वर पकडला गेला. माणसाच्या ताटात नगण्य. बाकी सगळा चिंबोतेसारख्या बंदरांत शिजवून, पिळून, वाळवून पूड. तेव्हा ही पूड सामनला जात नव्हती. त्याची मोठी शेती होतीच कुठे? ग्रोन्टवेट बंधूंनी हित्रा बेटाजवळ तरंगत्या पिंजऱ्यात सामनची पिल्लं सोडली ती 1970 मध्येच. पूड जायची अमेरिका-युरोपातल्या कोंबड्यांना आणि डुकरांना. 1972 मध्ये एल निनो आला, पाणी तापलं, आधीच ओरबाडलेला मासा बसला. 1973 मध्ये पकड 20 लाख टनांच्या खाली. कोंबड्यांना प्रथिन हवंच होतं. सगळे सोयाकडे धावले. इतर कारणंही जुळून आली, भाव भडकले, आणि जून 1973 मध्ये अमेरिकेच्या निक्सन सरकारने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी थोडेच दिवस टिकली. पण टोफू, मिसो, शोयूवर जगणाऱ्या जपानने तिचा धसका घेतला. पुढच्याच वर्षी जपानचे पंतप्रधान तानाका ब्राझीलला गेले, आणि 1979 पासून जपानी पैशाने ब्राझीलच्या सेराडो या माळरानावर शेती उभी राहू लागली. आम्लट, निकस समजली जाणारी जमीन. चुना घातला, उष्ण कटिबंधात तग धरणारे सोयाचे वाण काढले. आज सोयाबीन पिकवण्यात ब्राझील जगात पहिला.

आणि सामनच्या खाद्यातून अँकोव्हेटाची पूड कमी करून जे सोया कॉन्सन्ट्रेट घातलं गेलं, ते मुख्यतः ब्राझीलचं. एका माशाच्या बसण्यातून जे पीक उभं राहिलं, तेच त्या माशाच्या जागी आलं. योजून कुणी केलेलं नाही.

आता प्रश्न समुद्राचा उरला नाही, रानाचा झाला. पिंजऱ्यातल्या सामनचा कार्बनचा हिशेब मांडला तर बहुतेक भार खाद्याचा निघतो, आणि जिथे रान तोडून सोया लावला असेल तिथे तो आणखी चढतो. युरोपातल्या गिऱ्हाइकांनी लावून धरलं, तेव्हा 2021 मध्ये सामनच्या धंद्याला कॉन्सन्ट्रेट पुरवणाऱ्या ब्राझीलच्या तीन कंपन्यांनी आपल्याकडे येणारा सगळाच सोया जंगलतोडमुक्त असेल असं जाहीर केलं, फक्त सामनचा वाटा नव्हे. चीनला जहाजं भरभरून जाणाऱ्या सोयाच्या मानाने हे गिऱ्हाईक चिमूटभर. तरी त्याने हट्ट धरला आणि तो चालला, ही गोष्ट मला सामनच्या बाजूने मांडावीशी वाटते. त्या धंद्याबद्दल इतकं चांगलं मी सहसा लिहीत नाही.

*

लातूरच्या बाजारात सोयाबीनचा काय भाव निघाला यावर मराठवाड्यातल्या किती घरांची दिवाळी ठरते. तिथे पेंडीला डीओसी म्हणतात, आणि डीओसी म्हटलं की पुढचा शब्द पोल्ट्री. ऑगस्ट 2021 मध्ये कोंबडीवाल्यांच्या मागणीवरून केंद्राने 12 लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, नवं पीक शेतात उभं असताना. भाव कोसळले. तो राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये.

मासा या बोलण्यात येत नाही. पण आंध्रातल्या वनामी कोळंबीच्या खाद्यात सोयापेंड हा मोठा घटक आहे. आपल्या पेंडीचं एक वैशिष्ट्य युरोपात विकलं जातं : आपला सोयाबीन जनुकबदल नाही, आणि नॉर्वेच्या सामनवाल्यांनाही तसाच सोया लागतो. मग ते ब्राझीलला का जातात? आपलं सोयाबीन हेक्टरी टनाच्या आसपास, त्यांचं तीन टनांच्या वर. शिवाय पेंड विकणं वेगळं आणि अल्कोहोलने धुऊन कॉन्सन्ट्रेट करून विकणं वेगळं. नफा धुण्यात आहे.

*

नॉर्वेच्या त्याच 2020 च्या यादीत गवारीचं पीठ सापडलं. गवार जगात सगळ्यांत जास्त पिकते आपल्याकडे, राजस्थानात. तिच्या बियांतला डिंक अमेरिकेतल्या तेल-वायूच्या विहिरींत जातो. 2012 मध्ये त्यापायी गवारबीचे भाव असे चढले की वायदेबाजार थांबवावा लागला. डिंक काढून जे उरतं त्यात प्रथिन भरपूर. जोधपूरकडचा उरला चुरा उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या फ्योर्डमध्ये.

*

तेलाचं दुखणं प्रथिनाहून अवघड. प्रथिन कुठूनही जुळवता येतं. ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-3 आम्लं जमिनीवरच्या पिकांत नसतात. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या पिंजऱ्यातल्या सामनचं मोजमाप केलं. 2006 ते 2015 या काळात मांसातलं ईपीए-डीएचए निम्म्यावर आलं होतं. तेवढंच मिळवायचं तर ताटात दुप्पट मासा. तरीही बहुतेक इतर खाण्यांपेक्षा जास्तच, हेही त्यांनी सांगितलं. पण डॉक्टर सामन खा म्हणतात ते ज्यासाठी, तेच अर्धं झालं.

विदर्भातल्या जवसाच्या चटणीबद्दल हल्ली फार बोललं जातं. जवसात ओमेगा-3 आहे, पण आखूड साखळीचं. त्याचं ईपीए-डीएचए करायला शरीरात यंत्रणा लागते. सामन गोड्या पाण्यात जन्मतो, त्याच्यात ती थोडीफार असते. जन्मभर समुद्रात राहणाऱ्या बहुतेक शिकारी माशांत ती जवळपास बंद असते; त्यांना तयार माल आयता मिळत आला, स्वतः करायची वेळच आली नाही. माणसाचंही या बाबतीत फार कौतुक करण्यासारखं नाही.

मुळात मासा हे तेल बनवत नाही. बनवतं सूक्ष्म शेवाळ, आणि ते एकातून दुसऱ्याच्या पोटात चढत जातं. म्हणून आता थेट शेवाळालाच हात घातलाय. 2019 मध्ये अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर गावी कारखाना उघडला. मक्याची साखर घालून सागरी शेवाळ वाढवतात, त्याचं तेल काढतात. समुद्र हजारेक मैलांवर! ऑस्ट्रेलियात शेवाळाचे जनुक घातलेल्या कॅनोलाला 2018 मध्ये परवानगी मिळाली. जनुकबदल सोया नको म्हणणारी युरोपची बाजारपेठ या तेलाला काय म्हणते, त्यावर पुढचं ठरेल.

*

जे बदलतं त्याच्यासोबत त्याचा कचराही बदलतो. समुद्राचं खाद्य कमी झालं तसे पिंजऱ्यातल्या सामनमधले डायॉक्सिन आणि पाराही कमी झाले. हा फायदा खरा आहे आणि सामनविरोधक तो सहसा सांगत नाहीत. उलट पिकांवरचं सगळं आत आलं. 2013 मध्ये युरोपीय संघाने सामनच्या खाद्यातल्या एन्डोसल्फान या कीटकनाशकाची मर्यादा दहापट सैल केली, कारण पेंडींच्या खाद्याला जुनी मर्यादा पाळता येईना. एन्डोसल्फान म्हटल्यावर आपल्याला केरळातल्या कासरगोडची, त्याच्या फवारणीने अपंग झालेली मुलं आठवतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते 2011 मध्ये बंद केलं, त्याच वर्षी स्टॉकहोम करारातल्या घातक रसायनांच्या यादीतही गेलं.

*

मासा बदलायचा, खाद्य नाही, असंही एक घराणं आहे. अमेरिकेत आयडाहोतल्या हॅगरमनला ट्राउटच्या पिढ्यामागून पिढ्या निव्वळ वनस्पतींच्या खाद्यावर ठेवून त्यांतले वाढणारे निवडत गेले. पुढे त्या ट्राउटना सोयाने आतड्याची सूजही येईना. फ्रान्समध्ये दुसरंच केलं : अंड्यातून निघून पहिला घास घेणाऱ्या ट्राउटच्या पिल्लांना तीन आठवडे वनस्पतींचं खाद्य दिलं, मग नेहमीचं. कित्येक महिन्यांनी पुन्हा वनस्पतींचं पुढ्यात आलं तर या माशांनी ते बाकीच्यांपेक्षा बरं खाल्लं आणि वाढही बरी झाली. लहानपणी कारलं खाल्लेलं पोर मोठेपणी कारल्याला तोंड वेंगाडत नाही, त्यातला प्रकार. मला निवडीपेक्षा हा पहिल्या घासाचा प्रयोग जास्त आवडतो. स्वस्त आहे, आणि त्यासाठी माशाचं कूळ हातात असावं लागत नाही.

*

कत्तलखान्यातला टाकाऊ भाग का नाही, हा प्रश्न पडायला हवा. कोंबडीची आतडी, डोकी, पाय, रक्त वाळवून केलेली पूड शिकारी माशाला सोयापेक्षा कितीतरी जवळची. चिली, ऑस्ट्रेलिया ती वापरतात. युरोपने वेड्या गायीच्या रोगानंतर 2001 मध्ये प्राण्यांची पूड बंद केली. 2013 मध्ये डुक्कर-कोंबडीची पूड माशांना द्यायला पुन्हा मोकळीक दिली, 2017 मध्ये किड्यांचीही. कायदा उघडला, तरी दुकानदार आणि गिऱ्हाईक बराच काळ नाक मुरडत राहिले, आणि सोयाने ती जागा धरून ठेवली.

मला हे उलटं वाटतं. सोयाबीन माणूस खाऊ शकतो, कोंबडी खाऊ शकते, ते पिकवायला जमीन लागते. कोंबडीची आतडी फारसं कुणी खात नाही आणि ती पडून राहिली तर कुत्री आणि दुर्गंधी. मांसाहारी माशाला मांस द्यायला लाजायचं आणि शेत द्यायला नाही, ही मांसाहाऱ्यांचीच सोवळ्याची कल्पना आहे.

*

तारली. रत्नागिरीपासून कारवारपर्यंत गरिबाचं कालवण. हिच्यात तेल भरपूर, म्हणून फिशमीलच्या कारखान्यांनाही तीच हवी. ज्या साली तारली भरघोस लागते त्या साली ती ट्रकने कारखान्यात जाते, जेव्हा लागत नाही तेव्हा बाजारात तिचा भाव सुरमईकडे बघायला लागतो. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल, मॉरिटानिया, गाम्बियाच्या किनाऱ्यावर सार्डिनेलाचं हेच झालंय. तिथल्या बायका तो मासा धुरावर सुकवून आतल्या गावांना विकत आल्या. आता त्यांच्या आधी कारखान्याची गाडी उभी असते.

सामनच्या खाद्यातलं फिशमील कमी झालं म्हणून समुद्रातून ओढला जाणारा मासा तेवढ्याच प्रमाणात कमी झाला, असं कुणी म्हटलं तर मान डोलवू नये. एका टनामागचा वाटा घटला, टन वाढले. कोंबडी-डुकरांकडून सुटलेली पूड मत्स्यशेतीने उचलली. पेरूने 2023 मध्ये मासा फार कोवळा म्हणून मुख्य किनाऱ्यावरचा वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला, आणि फिशमीलचे भाव जगभर कडाडले. बारा टक्क्यांवर येऊनही त्या पुडीची गरज किती पक्की आहे, ते अशा वर्षी कळतं.

*

खाद्याच्या पोत्यावर ‘क्रूड प्रोटीन’ असा एक आकडा छापलेला असतो. प्रयोगशाळेत हा आकडा प्रथिन मोजून निघत नाही. नायट्रोजन मोजतात आणि 6.25 ने गुणतात. नायट्रोजन कुठून आला ते या गुणाकाराला कळत नाही. 2007 मध्ये चीनहून अमेरिकेत गेलेल्या ‘गव्हाच्या ग्लुटेन’मध्ये मेलामाइन निघालं. माल मुळात गव्हाचं साधं पीठ, नायट्रोजन फुगवायला मेलामाइन. कुत्री-मांजरं मेली तेव्हा बभ्रा झाला. तोच माल माशांच्या खाद्यातही गेला होता, हे मागाहून उघड झालं.

पेणजवळच्या तळ्यावरचं पोतं उलटसुलट करून पाहिलं. प्रथिन किमान इतकं, चरबी किमान इतकी, तंतू आणि ओलावा कमाल इतके. सोया किती, फिशमील किती, कोंबडीची पूड आहे की नाही, टॉरिन वेगळं घातलंय का, एक अक्षर नाही. सूत्र हे धंद्याचं गुपित, असं विक्रेता सांगतो. नॉर्वेसारख्या देशाच्या खाद्यात एका वर्षी गवार किती टक्के होती ते घरबसल्या वाचता येतं, आणि ज्याने कर्ज काढून तळं खोदलंय त्याला स्वतःच्या पोत्यात काय आहे ते कळत नाही. भावाबद्दल बोलायच्या आधी मत्स्यशेतकऱ्यांच्या संघटनांनी हे मागून घ्यावं : घटकांची नावं, उतरत्या क्रमाने, मराठीत. बिस्किटाच्या दहा रुपयांच्या पुड्यावर असतात, तशी.